मामंजींची पाचबारी

एखाद्यानं बंदूक घेतली की पाखरांनी घाबरावं, अशी जगाची रीत आहे. आमच्या मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बंदूक घेतली तेव्हा मात्र पंचक्रोशीतली पाखरं निर्धास्त राहिली आणि माणसं घाबरली. माणसांना धास्ती होती ती मामंजींच्या बोलण्याची. निजामाच्या साऱ्या मुलखात बंदुकीविषयी त्यांच्याइतकं जाणणारा दुसरा कुणी नसेल. आणि जाणलेलं दुसऱ्याच्या गळी उतरवण्याची त्यांच्याइतकी हौस असलेला माणूस तर उभ्या पृथ्वीवर नसेल. गावचे माली पाटील ते, त्यामुळे अर्ध्या गावाला त्यांच्या ओट्यावर यावंच लागे. सारा भरायला आलेला माणूस नळीचं तोंड किती आवळलेलं असावं हे ऐकून जाई. बांधाची तक्रार घेऊन दोन भाऊ आले, तर तासाभरानं दोघंही तक्रार विसरून एकमेकांच्या आधारानं घरी जात. आमच्या गावात भांडणं कमी होती, त्याचं खरं कारण हे होतं.

मला बघायला ही मंडळी आली ती एका दुपारी. चहा झाला, सुपारी फुटली, आणि दिवस मावळायच्या आत मी या घरची ठरले. बंदूक बघायला मात्र मामंजींना दोन वर्षं लागली. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शोध ऐन रंगात होता. दूरच्या दुकानांची चित्रांची पुस्तकं टपालानं यायची आणि ती देवघरातल्या पोथ्यांशेजारी ठेवली जायची. नातेवाईक सांगायचे, दुनळी घ्या, सगळे शहाणे लोक दुनळीच घेतात. मामंजी म्हणायचे, "दुनळीत बार दोन. दोन बारात पाखरू सावध होतंय, पडत न्हाई." त्यांचं मन बसलं होतं पाचबारीवर. चाप ओढला की बार व्हायचा, रिकामं नळकांडं आपसूक बाहेर उडायचं आणि त्या बाराच्याच धक्क्यानं पोटातलं पुढचं काडतूस वर येऊन बसायचं. मधे हात लावायचं काम नाही, नुसता चाप ओढत राहायचा. असे पाच बार. हे सांगताना ते हातानं पाचही वेळा दाखवायचे आणि पाचव्या वेळेला पुढ्यातला माणूस थोडा मागं सरकायचा.

पण पाचबारी म्हटलं तरी कोणती? लाकूड खांद्याला किती लांब बसावं, याचं माप घ्यायला त्यांनी गावच्या शिंप्याला बोलावलं. त्यानं बिचाऱ्यानं आयुष्यभर बंड्या शिवलेल्या, त्यानं बगलेपासून मनगटापर्यंत माप घेतलं आणि विचारलं, "बाही पुरी ठिवू का अर्धी?" मग सुताराकडून बाभळीच्या लाकडाची एक खोटी बंदूक करून घेतली. ती घेऊन मामंजी रोज सकाळी अंगणात कावळ्यांवर नेम धरायचे. पहिल्या आठवड्यात कावळे उडाले, दुसऱ्या आठवड्यात थांबले, आणि तिसऱ्या आठवड्यात एक कावळा त्या बंदुकीच्या टोकावरच येऊन बसला. आमच्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, दाराआडून म्हणाल्या, "घरात अवजार यायच्या आधीच वळखीपाळखी झाल्या म्हनायच्या."

इजाजतनामा, म्हणजे सरकारी परवाना, मिळवणं हे त्याहून मोठं काम होतं. मोठ्या कचेरीतल्या कारकुनाला असली बंदूक माहीत नव्हती. मामंजींनी त्याला ती दोन तास समजावून सांगितली. त्यातलं त्याला एक कळलं, की हिच्यात पाच काहीतरी आहेत. त्यानं झोकदार उर्दूत लिहून टाकलं, 'पाच नळ्यांची बंदूक'. झालं. त्या दिवसापासून दर तपासणीला येणारा प्रत्येक शिपाई आधी बंदुकीकडे बघायचा, मग कागदाकडे बघायचा, आणि मग राहिलेल्या चार नळ्या कुठं आहेत असं विचारायचा. मामंजी हर्षभरित होऊन त्याला खाली बसवायचे आणि अगदी पहिल्यापासून सुरुवात करायचे. पुढं पुढं आमच्या गावची तपासणी कागदावरच होऊ लागली.

बंदूक पिंगळी स्टेशनात उतरली तेव्हा मामंजी स्वतः गाडी जुंपून गेले. गाडीत माझ्या रुखवतातली गादी अंथरली होती. येताना मामंजी बैलांशेजारून चालत आले. बंदूक गादीवर झोपून आली.

आता शिकारीचं सांगते. थंडीत आमच्याकडे नदीवर आणि तळ्यावर बदकं उतरायची, ज्वारीत लावे असायचे, माळावर तितर. मामंजी पहाटे निघायचे, सोबत आमचा सालगडी लिंबाजी. लिंबाजी वयानं मामंजींच्याच बरोबरीचा, कमी बोलणारा, आणि कमरेला कायम गोफण. त्या बंदुकीत पुढच्या लाकडाखाली एक पितळी कडं होतं. बदकासाठी जड काडतूस घालायचं तर ते कडं स्प्रिंगच्या वर चढवावं लागे. लाव्या-तितरासाठी हलकं काडतूस असेल तर कडं उतरवून पार खाली बसवावं लागे. नाही बसवलं तर जड काडतूस खांदा काढणार आणि हलक्या काडतुसानं पुढचं काडतूस वरच येणार नाही. इतर शिकारी म्हणे एकदाच काय ते ठरवून निघत. मामंजींना ते पटत नसे. बदकाच्या बेतानं निघाले आणि वाटेत तितर दिसला, की ते धोतर सावरून बांधावर बसायचे, उपरणं अंथरायचे, लाकूड काढायचे, नळी काढायचे, कडं पुसायचे. लिंबाजी कळवळून म्हणायचा, "मालक, पाखरं जायलेत की!" मामंजी म्हणायचे, "जाऊ दे. पाखरू परत भेटंल. बंदुकीचा धर्म मोडता येत न्हाई." बंदूक जोडून ते उठेपर्यंत माळ मोकळा झालेला असायचा, आणि लिंबाजीनं मधल्या वेळात गोफणीनं दोन तितर पाडलेले असायचे.

एकदा मात्र सगळं जुळून आलं. तळ्यावर बदकांचा थवा, जड काडतुसं, कडं जागच्या जागी. मामंजींनी पाचही बार काढले. आकाशातून एक पीस तरंगत तरंगत खाली आलं. ते त्यांनी उचललं, उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाले, "बंदूक अगदी बरूबर हाय. पाखरू थोडं पुढं होतं." लिंबाजी म्हणाला, "पाखरांना आज लय शिकिवलंत मालक." घरी येऊन त्यांनी ते पीस आत्याबाईंना दाखवलं. आत्याबाई माळकरी, त्यांच्या चुलीवर आजवर अंडंही चढलं नव्हतं. नवऱ्याच्या शिकारीची त्यांना त्यामुळेच कधी अडचण झाली नाही.

खरा सोहळा असायचा तो शिकारीनंतर. बार झाला असो वा नसो, बंदूक उघडलीच पाहिजे. अंगणात घोंगडी, तिच्यावर धुवट धोतराचा तुकडा, आणि स्वयंपाकघरातल्या साऱ्या वाट्या ओळीनं. एकीत खिळे, एकीत स्प्रिंगा, एकीत ते पितळी कडं. त्या दिवशी आम्ही आमटी ताटातच वाढून घ्यायचो. आधी तिळाचं तेल झालं, मग करडईचं. करडईचं असं चिकटलं, की बंदूक उघडायला दोन दिवस गेले. शेवटी त्यांची नजर माझ्या शिवणयंत्राच्या तेलाच्या कुपीवर पडली, आणि त्या दिवसापासून माझं यंत्र किरकिरायला लागलं. "तेल लय झालं तर कडं घसरतंय, कमी झालं तर धरतंय," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की धाकट्या लेकाच्या टाळूला तेल लावतानाही माझा हात तेवढ्यावरच थांबायचा. पावसाळ्यात कागदी काडतुसं दमट हवेनं फुगायची आणि नळीत अडकायची. म्हणून ऊन पडलं की ती बाजेवर वाळत पडायची, एका बाजूला आत्याबाईंचे पापड आणि दुसऱ्या बाजूला काडतुसं. पापड उचलताना आत्याबाई 'विठ्ठल विठ्ठल' म्हणत.

असं आमचं बरं चाललं होतं. मग तो वाईट काळ आला. सारा देश मोकळा झाला आणि आमचा मुलूख तेवढा मागं राहिला. गावोगाव हत्यारबंद टोळ्या फिरायला लागल्या, माणसं बायकापोरांना घेऊन सरहद्दीपलीकडे जायला लागली. त्यातच हुकूम निघाला, की आमच्यासारख्यांकडे असतील तेवढ्या बंदुका ठाण्यात जमा करा. मामंजी बंदूक घेऊन गेले. तिथल्या जमादारानं कागद वाचला आणि ती घ्यायलाच नकार दिला. एक नळी दिसत होती, चार कमी होत्या. बंडखोरांना दिल्या असतील म्हणून मामंजींना बसवून ठेवलं. संध्याकाळी अमीनसाहेब आले. ठाण्याचे मुख्य अंमलदार ते, थोराड, दमलेल्या चेहऱ्याचे. त्यांनी विचारलं, "पटेल साब, चार नालियाँ किधर छुपाये?" मामंजींनी त्यांना सगळी बंदूक उघडून दाखवली, कारकुनाच्या गोष्टीपासून पितळी कड्यापर्यंत. अमीनसाहेबांनी ते सारं ऐकलं. मधे उठले नाहीत. अशी गोष्ट आमच्या मामंजींच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडली होती.

घरी आले ते खिन्न होऊन. आम्हाला वाटलं, बंदूक गेल्याचं दुःख. पण ते म्हणाले, "भिंतीला टेकून ठिवलीय, सूनबाई. ओल्या भिंतीला." दुसऱ्या सोमवारी ते तेलाची कुपी, फडकी आणि गज घेऊन ठाण्यात हजर झाले. सरकारनं बंदूक जप्त केली आहे, तिचं तेलपाणी जप्त केलेलं नाही, असा त्यांचा मुद्दा. अमीनसाहेब हसले आणि त्यांनी परवानगी दिली. मग दर सोमवारी हे सुरू झालं. मुद्देमालाच्या खोलीत आसपासच्या गावांतल्या आणखी दहा बंदुका होत्या, दुनळ्या आणि जुन्या ठासणीच्या. त्यांच्यावर गंज चढलेला बघून मामंजींना अन्न गोड लागेना. महिन्याभरात ते अकराही बंदुका साफ करायला लागले. अमीनसाहेब शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि मामंजी त्यांना एकेक भाग दाखवायचे.

गावानं याचा अर्थ काय लावायचा तो लावला. लोकांच्या बंदुका गेल्या आणि पाटील त्या सरकारला घासूनपुसून देतोय. ओट्यावरची गर्दी आटली. कुणीतरी त्यांना 'ठाण्याचा जावई' असं नाव ठेवलं आणि ते चिकटलं. मी पाण्याला गेले की विहिरीवरच्या बायका गप्प व्हायच्या. आमच्या ह्यांनी बापाशी बोलणं टाकलं. एकदा जेवता जेवता ताट सारून हे म्हणाले, "उद्या त्याच बंदुका आपल्यावर चालतील, तवा तेल कुणी लावलं ते लोक इसरणार न्हाईत." मामंजी म्हणाले, "बंदुकीनं काय पाप केलं?" पण त्या दिवशी त्यांनीही पुढं घास घेतला नाही.

पावसाळ्यातल्या एका सोमवारी ते लवकर परत आले. मी पाट्यावर मिरच्या वाटत होते. ते येऊन म्हणाले, "सूनबाई, तुमचं झालं की पाटा धुऊन द्या." मला वाटलं, सुरी लावायची असेल. फडकं सोडलं तर आत बारीक बारीक सळया. काडतुसाच्या बुडावर आपटून त्याला पेटवणाऱ्या त्या सळया. मामंजी त्यांना टोचे म्हणत. बंदुकांचे जीवच ते. मामंजी खाली मान घालून एकेका टोच्याचं टोक पाट्यावर घासायला लागले. फार नाही, जवभर. वरून बघितलं तर कळू नये, आणि आपटलं तर काडतुसापर्यंत पोचू नये, इतकंच.

"नदीकाठच्या वाडीनं झेंडा लावलाय," ते माझ्याकडे न बघता बोलले. "ठाण्यातल्या बंदुका टोळीला द्यायचं ठरलंय. माझ्यासमोरच बोलत होते. मी काय, तेल लावणारा." मी विचारलं, "आणि ठासणीच्या?" ते म्हणाले, "त्यांच्या बत्तीच्या भोकात लाख भरून आलोय." मग सगळ्यात शेवटी त्यांनी एक टोचा उचलला. तो कोणत्या बंदुकीचा हे मला त्यांनी सांगावं लागलं नाही. मी म्हटलं, "मामंजी, ही एक असू द्या ना. बिघडली होती म्हणून सांगता येईल." ते म्हणाले, "लोकांच्या मोडायच्या आन् आपली तेवढी राखायची? कोणत्या तोंडानं?" आणि तोही घासला. पाटा धुऊन ठेवताना म्हणाले, "ह्यातलं तुमच्या आत्याबाईला काई बोलू नका. माझ्या हातून वाईट काम झालं कधी, तर हेच. अकरा बंदुका मी चुकीच्या जोडायलोय."

दुसऱ्याच दिवशी ते फडकं घेऊन ठाण्यात गेले आणि सगळं जागच्या जागी बसवून आले. चारपाच दिवसांनी टोळी वाडीवर गेली. लिंबाजीची बहीण त्या वाडीत दिलेली. तिनं नंतर सांगितलं. माणसं मारुतीच्या देवळात कोंडून घेऊन बसली होती. बाहेरून बंदुका रोखल्या गेल्या. चाप ओढले. नुसते खटखट आवाज. पुन्हा ओढले, पुन्हा खटखट. आतल्या माणसांनी जरा वाट पाहिली, मग कुणीतरी हसलं, आणि मग गोफणी सुटल्या. टोळी चिखलातून पळाली ती पळालीच. बंदुका तेवढ्या ठाण्यात परत आल्या.

तिसऱ्या दिवशी अमीनसाहेबांचा घोडा आमच्या दारात उभा राहिला. बरोबर चार जवान. अमीनसाहेब म्हणाले, "पटेल साब, एक बी बंदूक नै चली. तुम्हारी बी नै." मामंजी ओट्यावरून उठले. माझ्या मनात आलं, आता हा माणूस खरं बोलणार. बंदुकीबाबत त्यांना खोटं बोलताच येत नव्हतं. ते म्हणाले, "काडतुसं कुठं ठिवली होती?" आणि मग सुरू झाले. कागदी काडतूस, आषाढातली हवा, दारू ओल धरून कशी सर्द होते, पाचबारीत कडं कोणत्या काडतुसाला कुठं असावं, ठासणीच्या बंदुकीची बत्ती ओली झाली तर काय होतं. पहिल्या घटकेत एक जवान पाणी प्यायला गेला. दुसऱ्या घटकेत बाकीचे तिघं घोड्याला बघायला गेले. अमीनसाहेब मात्र शेवटपर्यंत बसले, मामंजींच्या तोंडाकडे बघत. मग उठले, "सर्द काडतूस," एवढं म्हणाले, आणि गेले. मामंजी घरात येऊन बसले. आत्याबाईंनी त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्या म्हणाल्या, "अजून बोला काई तरी."

भादव्यात मुलूख मोकळा झाला. गावात मिरवणूक निघाली आणि त्याच दिवशी कळलं, की आमच्या गावातला प्रत्येक पुरुष छुपा क्रांतिकारक होता. कुणी पूल उडवणार होतं, कुणी ठाणं जाळणार होतं. वेळ तेवढा मिळाला नव्हता. हार सगळ्यांना घातले, मामंजींना सोडून. मी ह्यांना खरं काय ते सांगितलं तेव्हा हे उठून वडिलांच्या पाया पडले. पण गावात सांगायला मामंजींनीच मनाई केली. बंदूक परत मिळाली. मामंजींनी नवा टोचा मिळावा म्हणून दुकानांना पत्रं लिहिली, लोहाराकडून दोनदा घडवून घेतला. एक वाकला, एक तुटला. ती बंदूक पुन्हा कधी वाजली नाही.

दोनतीन वर्षांनी एका दुपारी पिंगळीकडून एक म्हातारा चालत आला. अंगावर साधा सदरा, पायात चिखल. आवाजावरून ओळखलं, अमीनसाहेब. नोकरी गेली होती, लेकाकडे निघाले होते, गाडीला वेळ होता. मामंजींनी त्यांना ओट्यावर बसवलं, मी चहा दिला. इकडचं तिकडचं झालं. मग ते म्हणाले, "पटेल साब, काडतूस सर्द नै थे."

मी दाराच्या कडीला धरून उभी.

"उसी दिन मैं खोल को देख्या," अमीनसाहेब म्हणाले. "तुम्हारे कने आने के पैले. तुम जैसा सिखाये, वैसाच खोल्या. सब घिसे हुए थे." कपात बघत ते पुढं म्हणाले, "बंदुकां देना पड़्या मेरे कू. नै बोलने की हिम्मत नै थी. तुम घिस दिये, मैं चुप बैठ गया. बस."

मामंजी हळूच म्हणाले, "मला वाटायचं, माझं कुनी ऐकतच न्हाई."

"सब सुन्या मैं," अमीनसाहेब म्हणाले.

ऊन उतरल्यावर अमीनसाहेब उठले आणि मामंजी त्यांना नाल्यापर्यंत पोचवून आले. येऊन ओट्यावर बसले ते दिवेलागण झाली तरी उठेनात. मी दिवा घेऊन गेले, तर वाटेकडे बघत म्हणाले, "सूनबाई, भला मानूस हाय वो. जेवायला थांबा म्हनायचं मातर ऱ्हाऊनच गेलं."